रात्रीची फी

गेल्या महिन्यात रात्री साडेबाराला आमच्या शेरूचं पोट फुगलं. ओकारीचे उमाळे येत होते, पण बाहेर काही पडत नव्हतं. मोठ्या जातीच्या कुत्र्याचं जठर असं फुगून पिळलं, तर सकाळपर्यंत थांबून चालत नाही. 'चोवीस तास सेवा' असा फलक असलेल्या पहिल्या दवाखान्यात डॉक्टरच नव्हते. मदतनिसाने एक इंजेक्शन टोचलं, रात्रीची फी घेतली आणि "सकाळी या" म्हणाला. दुसरीकडे डॉक्टर हजर होते. त्यांनी आधी पोटातला गॅस काढला, एक्स-रे घेतला आणि पहाटे ऑपरेशन केलं. बिल झालं २८,००० रुपये. शेरू वाचला.

घरी आल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, ही लूटच आहे." मी गप्प राहिलो. मला लहानपणच्या दोन रात्री आठवत होत्या.

पहिली १९६८ ची, बडोद्याची. दांडिया बाजारात आमच्या वाड्यात कपिला गाय होती. आदल्या दिवशी व्यायली होती. दिवेलागणीला ती बसली ती उठेचना. मान कुशीकडे वळवलेली, कान गार. आजोबा गायकवाडी पेन्शनर. गुरांच्या डॉक्टरची रात्रीची फी दिवसाच्या दुप्पट, वर टांग्याचं भाडं. म्हणाले, "उजाडू दे, मग बघू." शेजारचे काका सायकलचा पंप घेऊन आले आणि सडातून कासेत हवा भरू लागले. हा काही अडाणीपणा नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डेन्मार्कमधल्या डॉक्टरांनी याच उपायाने पुष्कळ गाई वाचवल्या होत्या. पण त्याला स्वच्छ नळी लागते, जाणता हात लागतो. उजाडायच्या आत कपिला गेली. खरवसासाठी काढून ठेवलेला चीक आजीने वासराला पाजला. आजोबा त्या फीबद्दल पुन्हा कधी बोलले नाहीत.

दुसरी रात्र १९७२ ची, पेटलादची. पेटलाद म्हणजे जुना गायकवाडी मुलूख, तेव्हा खेडा जिल्ह्यात. आत्याचे यजमान तिथे शिक्षक होते. घरी एक म्हैस, दूध गावच्या मंडळीत भरायचे. म्हैस व्यायली आणि तिची तीच गत झाली. पण इथे कुणी 'उजाडू दे' म्हणालं नाही. मंडळीतून निरोप गेला आणि रात्रीच जीप आली. डॉक्टरांनी कॅल्शियमची बाटली कोमट करून शिरेतून हळूहळू सोडली. एक कान स्टेथोस्कोपला, कारण घाई केली तर हृदय बंद पडतं. तासाभरात म्हैस उठून उभी! आत्याने दिलेली फी किरकोळ होती. तेव्हा कळलं, कपिलालाही हाच दुग्धज्वर झाला होता. आणि कॅल्शियमचा हा उपाय काही नवा नव्हता. १९३० च्या सुमारासच तो स्कॉटलंडमधून सगळीकडे पसरला होता. औषध बडोद्यातही होतं. नव्हती ती फक्त रात्री परवडेल अशी सोय.

पेटलादला ती कुठून आली? १४ डिसेंबर १९४६ रोजी त्रिभुवनदास पटेलांच्या पुढाकाराने खेडा जिल्हा दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली. १९४९ मध्ये कुरियन आणंदला आले. संघाने दुधाच्या जोडीला गुरांचे डॉक्टरही ठेवले. फिरते दवाखाने ठरलेल्या दिवशी गावोगाव जात, आणि तातडीच्या वेळी थोडी फी भरून रात्रीही डॉक्टर बोलावता येई. डॉक्टर जागा ठेवण्याचा खर्च हजारो घरांच्या दुधातून निघत होता. ज्याचं जनावर आजारी पडलं, त्या एकट्याच्या खिशातून नव्हे. १९७६ चा 'मंथन' सिनेमा आठवतो ना? पाच लाख सभासदांच्या दोन-दोन रुपयांतून निघालेला, पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची. त्यातला नायक गुरांचा डॉक्टरच आहे, ते उगाच नाही.

आज शहरात आमच्यासारख्या घरांत गाय नाही, मंडळीही नाही. रात्रभर डॉक्टर, मदतनीस, ऑक्सिजन, एक्स-रे तयार ठेवायचं आणि येणार चार-दोन प्राणी. तो सगळा खर्च त्या चार-दोन घरांवरच पडतो. म्हणून बिल मोठं येतं. ती दरवेळी लूट नसते. लूट होते ती पहिल्या दवाखान्यात झाली तशी, जागरणाचे पैसे घेऊन जागा डॉक्टर न देण्याची. त्या फीची रक्कम दुसऱ्या बिलाच्या मानाने किरकोळ होती, पण तिच्यापायी एक तास गेला.

म्हणून आता मी जवळच्या दवाखान्यांना दिवसाच फोन करून तीन गोष्टी विचारून ठेवल्यात: रात्री डॉक्टर स्वतः हजर असतात की घरून बोलवावे लागतात, एक्स-रे आणि ऑक्सिजन आहे का, आणि रात्रीची फी किती. बोक्याची लघवी अडली, विष पोटात गेलं, कुत्रीचं पिल्लू अडलं, झटके थांबेनात, तर सकाळची वाट बघायची नाही. आणि दर महिन्याला थोडे पैसे शेरूच्या नावाने बाजूला पडतात.

मुलाला हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग एवढंच म्हणाला, "आजोबांकडे खरंच तेवढे पैसे नव्हते का?"

होते, रे. पण तेव्हा ते फार वाटले.