थायरॉइड प्रतिपिंड तपासणी (गर्भारपणातील)

शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने स्वतःच्याच थायरॉइड (अवटू) ग्रंथीविरुद्ध बनवलेले प्रतिपिंड रक्तात आहेत का, हे पाहणारी तपासणी. गर्भारपणात ती बहुधा पहिल्या तिमाहीत सांगितली जाते. त्यातही थायरॉइड पेरॉक्सिडेज (टीपीओ) या विकराविरुद्धचे प्रतिपिंड मुख्यतः पाहतात. यामागचा आजार प्रतिपिंडांच्या आधीच ओळखला गेला : लिम्फपेशींनी भरलेल्या गलगंडाचे वर्णन जपानी शल्यविशारद हाकारू हाशिमोतो यांनी 1912 मध्ये केले होते. अशा रुग्णांच्या रक्तात थायरोग्लोब्युलिनविरोधी प्रतिपिंड असल्याचे मात्र 1956 मध्ये लंडनमध्ये रॉइट, डोनिएक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले.

सुरुवातीचे सुमारे 12 आठवडे गर्भ थायरॉइड संप्रेरकासाठी आईवरच अवलंबून असतो. वारेतून येणारे एचसीजी हे संप्रेरक आईच्या ग्रंथीला जादा कामाला लावते. निरोगी ग्रंथी हा भार पेलते. प्रतिपिंडांच्या माऱ्याने आतून झिजलेली ग्रंथी कमी पडू शकते आणि एरवी ठीक असलेला टीएसएच (ग्रंथीला चालना देणारे संप्रेरक) वाढू लागतो. म्हणून ‘टीपीओ पॉझिटिव्ह’ हा शेरा पूर्वसूचना समजावा, आजाराचे निदान नव्हे. टीएसएच ठीक असला तरी गर्भारपणाच्या मध्यापर्यंत दर चार आठवड्यांनी आणि पुढे 30व्या आठवड्याच्या सुमारास तो पुन्हा पाहावा, असे अमेरिकन थायरॉइड असोसिएशनची 2017 ची मार्गदर्शिका सांगते. प्रतिपिंडांचा आकडा मात्र वारंवार मोजण्यात अर्थ नाही. गर्भारपण पुढे सरकते तसा तो बहुधा आपोआप उतरतो.

प्रतिपिंड असलेल्या स्त्रियांमध्ये गर्भपाताचे प्रमाण दुप्पट (17 विरुद्ध 8.4 टक्के) असल्याचे 1990 मधील अमेरिकी अभ्यासात आढळले. त्यावरून टीएसएच ठीक असतानाही लेव्होथायरॉक्सिन (थायरॉइड संप्रेरकाची गोळी) देण्याची प्रथा फोफावली. पूर्वी गर्भपात झालेल्या किंवा वंध्यत्व असलेल्या स्त्रियांवरील ब्रिटनमधील ‘टॅब्लेट’ चाचणीने (2019) तिला चांगलाच चाप लावला : रोज 50 मायक्रोग्रॅम गोळी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या गटांत जिवंत बाळ जन्मण्याचे प्रमाण जवळपास सारखेच, 37 टक्क्यांच्या आसपास, निघाले. टीएसएच वाढलेला असेल तर गोष्ट वेगळी; तेव्हा गोळी लागतेच. ती लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांपासून चार तास दूर ठेवावी लागते.

टीएसएच-ग्राहीविरुद्धच्या (ट्रॅब) प्रतिपिंडांना याच मापाने मोजणे धोक्याचे. ग्रेव्हज रोगात (ग्रंथीच्या अतिक्रियाशीलतेत) आढळणारे हे प्रतिपिंड वार ओलांडून बाळाची ग्रंथी चेतवू शकतात. ज्या स्त्रीची ग्रंथी शस्त्रक्रियेने काढली किंवा किरणोत्सारी आयोडीनने निकामी केली, तिच्या रक्तातही ते नंतर बराच काळ टिकतात. त्यामुळे ‘माझा थायरॉइड बरा झाला’ असे सांगणाऱ्या गर्भवतीचा हा पूर्वेतिहास डॉक्टरांना कळायलाच हवा.

बाळंतपणानंतर प्रतिपिंड पुन्हा उसळतात. टीपीओ पॉझिटिव्ह स्त्रियांपैकी निदान एकतृतीयांश जणींना पहिल्या वर्षात प्रसूतिपश्चात थायरॉइडदाह होतो. आधी धडधड व चिडचिड, मग थकवा व उदासपणा असा त्याचा नेहमीचा क्रम असला, तरी बऱ्याच जणींत यांतली एकच अवस्था दिसते. घरात तो बाळंतिणीचा शीण म्हणून सहज दुर्लक्षिला जातो. बहुतेकींची ग्रंथी वर्षभरात पूर्ववत होते. काहींना कायमची गोळी लागते.