कोंडलेल्या वाऱ्याची वाट

बेळगावाहून वेंगुर्ल्याकडे जाणारा रस्ता उचगावच्या फाट्यावरून पश्चिमेकडे जातो. मंगळवारी व शुक्रवारी मळेकरणी देवीच्या दर्शनाला येणाऱ्यांची वाहने येथे वळतात. घाटाकडे निघालेल्या मालमोटारी क्षणभर थबकून पुढे सरतात. त्या थबकल्या की ‘फुस्स’ असा आवाज होतो. अलीकडे काही पेट्रोल मोटारीही वेग आवरताना तसाच सुस्कारा टाकतात. कानाला दोन्ही ध्वनी सारखेच वाटतात; परंतु त्यांचे कूळ निराळे आहे. पहिला आवाज ब्रेकमधून सुटणाऱ्या हवेचा, तर दुसरा टर्बोचार्जरच्या झडपेचा.

झडपेची कल्पना जुनी आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने आपले वाफेचे भांडे फुटू नये म्हणून त्यावर वजनाने दाबलेली झडप बसविली. पुढे आगगाडीच्या प्रत्येक बाष्पयंत्रावर तिचीच वंशज आली. दाब मर्यादेबाहेर गेला की ती उघडे. तिचे काम जीवरक्षणाचे होते. मोटारीतील झडपेचे काम याहून सूक्ष्म आहे. ते समजण्यासाठी आधी टर्बोचार्जर समजला पाहिजे.

इंजिनाचे बळ जितके इंधनात, तितकेच हवेत. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांच्या ध्यानात आले की, धुराड्यावाटे जाणाऱ्या उष्ण वायूंबरोबर पुष्कळ शक्ती वाया जाते. त्या वायूंनी एक चक्र फिरवावे आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरावी, या युक्तीचे पेटंट त्यांनी १९०५ साली घेतले. उंच प्रदेशात तिचे मोल विशेष. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवरील बेळगावातही हवेचा दाब जवळजवळ एक-द्वादशांशाने कमी असतो. १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी एक विमान-इंजिन पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंच शिखरावर नेले. पायथ्याच्या प्रदेशाहूनही खाली, समुद्रसपाटीस ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन शिखरावर २३० वर उतरले. टर्बोचार्जर जोडताच ते ३५६ वर गेले.

१९५२ साली इंडियानापोलिसच्या शर्यतीत कमिन्स कंपनीची टर्बोचार्जर लावलेली डिझेल मोटार सर्वांपुढून निघाली. पण धावपट्टीवरील रबराच्या कणांनी तिचे हवेचे तोंड बुजले व तिला शर्यत सोडावी लागली. याच कमिन्सशी किर्लोस्करांनी भागीदारी करून १९६२ साली पुण्यात इंजिनांचा कारखाना काढला. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ साली बेळगावातील सायकलच्या दुकानात झाला होता, हे येथे आठवावे. त्याच १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल व शेवरोले यांनी टर्बोचार्जर असलेल्या मोटारी सामान्य ग्राहकांना विकावयास काढल्या. १९७३ साली बीएमडब्ल्यूची व लवकरच पोर्शे आणि साब यांचीही मोटार आली.

पेट्रोल मोटारीत मात्र एक अडचण होती. तिच्या हवेच्या वाटेवर थ्रॉटल नावाचे दार असते. चालकाने पाय उचलला की ते मिटते. पण मिनिटाला लाखभर फेरे घेणारे चक्र त्याच क्षणी कसे थांबावे? दाबलेली हवा दारावर आदळते आणि उलट फिरून चक्रावरच येते. मग धडधडत्या पंखांसारखा फडफडाट ऐकू येतो, चक्राचा वेग मोडतो, आणि दांड्याच्या बेअरिंगवर नको तो ताण पडतो. यावर उपाय म्हणजे ही झडप. तिच्या पडद्यामागील नळी थ्रॉटलच्या पलीकडे जोडलेली असते. दार मिटताच तेथे निर्वात निर्माण होतो, तो स्प्रिंगच्या विरुद्ध पडदा ओढतो आणि कोंडलेल्या हवेला वाट मिळते.

ही वाट दोन ठिकाणी जाऊ शकते. बहुतेक कारखाने ती हवा पुन्हा चक्राच्या तोंडाशी नेऊन सोडतात. तेव्हा आवाज जवळजवळ होत नाही. बाजारात हौसेने घेतली जाणारी झडप ती बाहेर सोडते आणि तो प्रसिद्ध सुस्कारा निघतो. ज्या मोटारीत आत येणारी हवा मोजून पेट्रोल सोडले जाते, तेथे मोजलेली हवा अशी निसटली की मिश्रणात पेट्रोल अधिक होते. इंधन वाया जाते आणि धूर वाढतो. आवाजाने बळ रतिभरही वाढत नाही. डिझेल इंजिनात तर पूर्वापार असे दारच नसे. म्हणून त्यावर ही झडप लावण्याचे प्रयोजनही नव्हते. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम वाहनाच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही.

उद्यमबागेतील ओतशाळांमुळे बेळगावच्या तरुणाला लोखंडाची व यंत्राची ओळख घरातूनच होते. त्याने ही झडप अवश्य उघडून पाहावी; तिचा पडदा, तिची स्प्रिंग, तिचा नेमका क्षण समजून घ्यावा. मात्र तिचे मोल ध्वनीवरून ठरवू नये. ज्या झडपेने आपले काम चोख केले आणि उचगावच्या फाट्यावर कोणाला मान वळवावी लागली नाही, तीच खरी उत्तम झडप होय.