कोडसंग्रह, मोबाइल ॲपसाठीचा

मोबाइल ॲप बनवताना पुन्हापुन्हा लागणारे कोडचे छोटे तुकडे आणि फोन संगणकाला जोडण्याच्या आज्ञा यांचा जपून ठेवलेला साठा. अशा तुकड्याला प्रोग्रामर मंडळी स्निपेट म्हणतात. तो पाच-दहा ओळींचा, एकच काम करणारा, उचलून दुसऱ्या प्रकल्पात चिकटवता येणारा असतो. लायब्ररी म्हणजे दुसऱ्याने बांधून दिलेला तयार कोड; तिच्यातली चूक तिचा कर्ता दुरुस्त करतो आणि नवी आवृत्ती आपल्यापर्यंत येते. चिकटवलेला तुकडा मात्र चिकटवणाऱ्याचा होतो, त्यातल्या चुकीसकट. अँड्रॉइड स्टुडिओत असे तुकडे ‘लाइव्ह टेम्प्लेट’ म्हणून साठवता येतात. तुकडे ठेवण्याची गिटहबची ‘गिस्ट’ ही सोय आणि स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रामरांचे प्रश्नोत्तरांचे संकेतस्थळ, दोन्ही २००८ ची.

महाराष्ट्रात अशा साठ्यात काय असावे, हे ‘ई-पीक पाहणी’वरून चांगले कळते. महसूल विभागाने टाटा ट्रस्टच्या साथीने उभारलेला हा प्रकल्प १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाला. शेतकरी शेतात उभा राहून पिकाचा फोटो काढतो, त्यासोबत अक्षांश-रेखांश जातात आणि पिकाची नोंद सातबाऱ्यावर येते. या धर्तीचे कोणतेही ॲप लिहायचे तर तीन तुकडे हाताशी हवेत : परवानगी मागण्याचा, ठिकाण घेण्याचा आणि रेंज नसताना नोंद फोनमध्येच ठेवून नंतर पाठवण्याचा. तिन्ही शिळे होतात. ॲप चालू असताना परवानगी मागण्याची पद्धत अँड्रॉइड ६ पासून (२०१५) आली. अँड्रॉइड १२ ने (२०२१) वापरणाऱ्याला नेमक्याऐवजी अंदाजे ठिकाण देण्याची मुभा दिली, आणि अंदाजे ठिकाणावरून शेताचा गट ओळखता येत नाही. मागच्या मागे काम उरकणारा ‘असिंकटास्क’ २०२० मध्ये कालबाह्य ठरवला गेला. त्याचे तुकडे आजही सर्रास सापडतात. तुकड्याच्या डोक्यावर आवृत्ती आणि तारीख नसेल तर तो ठेवूच नये.

मराठी ॲपला आणखी एक परीक्षा द्यावी लागते, ती इंग्रजी संग्रहांच्या गावीही नसते. युनिकोडच्या ‘सीएलडीआर’ या माहितीसाठ्यात मराठीचे आपोआप वापरायचे (डिफॉल्ट) अंक देवनागरी धरले आहेत, हिंदीचे मात्र इंग्रजी. त्यामुळे फोनची भाषा मराठी असेल तर ‘स्ट्रिंग.फॉरमॅट’मधून आकडा देवनागरीत बाहेर पडतो. पडद्यावर तो शोभतो. पण सर्व्हरकडे जाणाऱ्या अक्षांशात शिरला की समोरचा प्रोग्राम बहुधा त्याला संख्याच मानत नाही. तेच ॲप हिंदीत ठेवलेल्या फोनवर बिनतक्रार चालते, म्हणून दोष लवकर सापडत नाही. उपाय साधा आहे : लोकेल म्हणजे भाषा-प्रदेशाची खूण; यंत्रासाठी आकडा बनवताना ‘लोकेल.रूट’ द्यावे, माणसासाठी मराठी लोकेल.

अक्षरे मोजण्याचेही तसेच. ‘धामणगाव बढे’ या नावात डोळ्यांना सात अक्षरे दिसतात. अँड्रॉइड ॲप लिहिण्याच्या कॉटलिन भाषेतली ‘लेंग्थ’ अकरा सांगते, कारण काने, मात्रा आणि मधली मोकळी जागा ती वेगळी मोजते. नाव दहावर कापणारा उसना तुकडा ‘बढे’चे ‘बढ’ करून ठेवतो. तेथे दिसणारी अक्षरे मोजणारा ‘ब्रेकइटरेटर’ वापरावा. हे गाव बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातले. अमरावती जिल्ह्यात धामणगाव रेल्वे आहे, आणखीही धामणगावे आहेत. म्हणून गाव निवडण्याच्या यादीत नाव दाखवावे, पण साठवावा तो केंद्राच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतला गावाचा क्रमांक.

जोडणीच्या आज्ञा थोड्याच असतात, पण नवख्याचा पहिला दिवस त्यांतच जातो. सेटिंगमधल्या बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर पर्याय उघडतात. तेथे यूएसबी डीबगिंग सुरू करून संगणकावर ‘एडीबी डिव्हाइसेस’ ही आज्ञा द्यायची. उत्तरात ‘अनऑथराइज्ड’ आले तर फोनच्या पडद्यावर परवानगी द्यायची राहिली आहे. काहीच आले नाही तर आधी केबल बदलून पाहावी. नुसत्या चार्जिंगच्या केबलमधून माहिती जात नाही. अँड्रॉइड ११ पासून ही जोडणी वायफायवरूनही होते.

उसनवारीचा धोका २०१७ मध्ये फेलिक्स फिशर आणि सहकाऱ्यांनी मोजून दाखवला. त्यांनी तपासलेल्या १३ लाख अँड्रॉइड ॲप्सपैकी १५.४ टक्क्यांत स्टॅक ओव्हरफ्लोवरचे, सुरक्षिततेशी संबंधित तुकडे आढळले. अशा ॲप्सपैकी ९७.९ टक्क्यांत निदान एक तुकडा असुरक्षित होता. परवान्याकडे तर कोणी पाहतच नाही. स्टॅक ओव्हरफ्लोवरचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली येतो : मूळ लेखकाचा उल्लेख हवा आणि त्यावर बेतलेले कामही त्याच अटींवर द्यायचे. फाँटलाही परवाना असतो. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्त’ हा देवनागरी फाँट मुक्त परवान्याचा असल्याने ॲपसोबत देता येतो. मात्र परवान्याची फाइल सोबत ठेवावी लागते. नकाशासेवेची किल्ली, सर्व्हरचा पासवर्ड, ॲपवर सही करण्याची कीस्टोअर फाइल यांना संग्रहात जागा नाही. तुकड्यात त्यांच्या ठिकाणी रिकामी जागा सोडतात.