परका कोण ठरवतो?

मीरा-भाईंदरला मी राहतो, म्हणून लिहितो. दंगलीआधी मने पेटवणे ही जुनीच रीत. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत दंगल झाली, त्याआधी प्रभासपाटणच्या दंगलीच्या बातम्यांनी शहर तापले होते. तेव्हा वर्तमानपत्रे होती, सभा होत्या; आता मोबाईल आहे.

२१ जानेवारी २०२४, अयोध्येतील प्राणप्रतिष्ठेची आदली रात्र. मीरा रोडच्या नयानगरात वाहनफेरी, घोषणा आणि मारहाण झाली. चित्रफिती घरोघर पोचल्या. सूडाची भाषा आधी पडद्यावर आली, मग रस्त्यावर दुकाने फुटली. २३ तारखेला महापालिकेचा बुलडोझर आला. कारण अनधिकृत बांधकामाचे. पण या शहरात ती काय एकाच वस्तीत होती?

मला राईनपाडा आठवतो. धुळे जिल्ह्यातल्या या गावी १ जुलै २०१८ रोजी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारे समजून जमावाने ठेचून मारले. तिथेही अफवा मोबाईलवरूनच फिरली होती.

घटना वेगळ्या, सूत्र एक. अफवा परका शोधते. तो कोण, हे समाजव्यवस्थेने आधीच ठरवलेले असते. गावकुसाबाहेर जगलेल्यांना हे सांगावे लागू नये. तरीही आपलीच पोरे अशा फिती पुढे पाठवतात. मित्रहो, त्यांना आधी हे विचारायला शिकवू या: हा दगड कुणाच्या दारावर पडणार आहे?