नौकेचे शिलेदार आणि बारगीर

शिडाच्या ज्या छोट्या होडीला जगभर 'डिंगी' म्हणतात, तिचे नाव इंग्रजीने आपल्याच देशातून उचलले आहे. हिंदी व बंगालीतील डिंगी ही नदीकाठच्या माणसाची साधी होडी होती. तिच्यातून तो मासे धरी, भाजीपाला बाजारास नेई आणि पाहुण्यांना पैलतीरी सोडी. इंग्रजांनी हे नाव मोठ्या जहाजासोबत असणाऱ्या लहान होडीला दिले, आणि विसाव्या शतकात त्याच नावाखाली एक स्वतंत्र क्रीडा जगभर पसरली. एका-दोघांना पुरेल एवढी होडी, एक डोलकाठी, एक-दोन शिडे, सुकाणू आणि तळातून पाण्यात सोडायची एक फळी, एवढ्या सामग्रीवर हा छंद चालतो.

तथापि छंदाचे साधन विकत घेणे निराळे आणि ते बाळगणे निराळे. साठमारीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या बडोद्याच्या घरांना हे सांगावयास नको. दारी हत्ती झुलतो असे म्हणण्यात वैभव आहे, आणि हत्ती पोसावा लागतो असे म्हणण्यात त्याच वैभवाचा जमाखर्च आहे. आमची सारी नोकरी सरकारी अंदाजपत्रकांच्या सहवासात गेली. तेथे भांडवली खर्च आणि आवर्ती खर्च अशी दोन वेगळी खाती असतात. पहिल्याची कोनशिला बसते, समारंभ होतो. दुसऱ्याची कोनशिला कोठेही आढळत नाही, आणि काटकसरीचा प्रसंग आला की पहिली कात्री त्यालाच लागते. नौका हे या दोन खर्चांतील अंतर दाखवणारे उत्तम उदाहरण आहे, आणि आपल्या इतिहासाने ते फार पूर्वी ओळखले होते.

आपल्यापैकी अनेक घराण्यांचे पूर्वज पिलाजीराव-दमाजीरावांच्या काळापासून गुजरातेत आले ते घोड्यावरून, नौकेतून नव्हे. म्हणून हा विषय प्रथम घोड्याच्या भाषेत मांडणे सोयीचे होईल. स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार आणि सरकारी पागेतील घोड्यावर बसणारा तो बारगीर, हा भेद वाचकांस परिचित आहेच. शिलेदाराचा मान व तनखा अधिक, पण दाणावैरण, नाल, खोगीर आणि मोतद्दाराचा पगार हे सर्व त्याच्याच पदरचे. घोडा रणात पडला तर स्वाराची उपजीविकाच धोक्यात येई. त्यामुळे ऐन प्रसंगी शिलेदाराचा ओढा घोडा जपण्याकडे असे. शिवछत्रपतींनी पागेला प्राधान्य दिले आणि शिलेदारांना पागेच्या दाबात ठेवले, असे सभासदाच्या बखरीवरून दिसते. त्याच बखरीत पावसाळी छावणीची व्यवस्थाही सांगितली आहे. लष्कर परत येण्याआधी दाणा, वैरण, औषधे आणि घोड्यांसाठी गवताने छावलेल्या पागा तयार असत. मोहिमेचे यश पुष्कळदा या बिनमोहिमेच्या चार महिन्यांत ठरत असे.

हीच दृष्टी आरमाराच्या बाबतीत अधिक स्पष्ट दिसते. शिवछत्रपतींनी कल्याण-भिवंडी हाती आल्यावर, १६५७ नंतरच्या दोन-तीन वर्षांत, आरमाराची उभारणी आरंभिली. त्या अनुभवाचे सार रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे १७१५ च्या सुमारास, शब्दबद्ध झाले. त्यातील आरमाराचे प्रकरण आपण बहुधा शौर्याच्या अंगाने वाचतो. आम्हांला मात्र ते खर्चाच्या नियोजनाचे प्रकरण वाटते. आरमाराचा तनखा मुलखाच्या वसुलातून नेमून द्यावा, बंदरांच्या उत्पन्नावर किंवा मिळकतीवर तो सोडू नये, असा त्यात स्पष्ट उपदेश आहे. कारणही दिले आहे. नौकांनी आपला खर्च आपणच मिळवावा असे ठरले की त्या सावकारांना, म्हणजे समुद्रावरील व्यापाऱ्यांना, नाडू लागतात. व्यापारी उठून जातो आणि बंदर ओस पडते. नियमित तरतुदीवाचून ठेवलेले आरमार अखेर ज्यांचे रक्षण करावयाचे त्यांनाच ओरबाडते, हा विचार आजच्या कोणत्याही लेखापरीक्षकास पटेल.

लाकडासंबंधीचा आदेश तर प्रसिद्धच आहे. आंबा व फणस हीही आरमाराच्या उपयोगाची झाडे खरी, परंतु ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. तेव्हा त्यांना हात लावू देऊ नये. एखादे जीर्ण झाड हवेच असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन तोडावे. पावसाळ्यापूर्वी आरमार किल्ल्याच्या आश्रयाने छावणीस न्यावे, आणि छावणी दरसाल एकाच बंदरात करू नये, म्हणजे एकाच गावावर भार पडत नाही, अशीही सूचना आहे. नौकेचा खर्च केवळ तिच्या मालकाच्या पेटीतून जात नाही, तो भोवतालच्या रानावर, गावावर आणि माणसांवरही पडतो, हे आज्ञापत्रकारांनी जाणले होते.

बडोद्याचे राज्य दिसावयास अंतर्देशीय, परंतु नवसारी प्रांतात व काठेवाडात त्याला समुद्रकिनारा होता. बिलिमोरा हे गायकवाडांचे आरमारी ठाणे. तेथील अंमलास 'सुभा आरमार' म्हणत. पश्चिम किनाऱ्यावर कंपनी सरकारचे वर्चस्व निर्विवाद झाल्यावर अशा आरमाराचे प्रयोजन उरले नाही आणि त्याच्या खर्चाचे समर्थनही उरले नाही. गंमत अशी की आवर्ती खर्चाचा सिद्धान्त कंपनीला आपल्याहून अधिक चांगला साधला. १८०५ च्या तहाने तैनाती फौजेच्या खर्चासाठी गायकवाडांकडून ११ लाख ७० हजार रुपये उत्पन्नाचा मुलूखच तोडून घेण्यात आला. फौजेचा तनखा मुलखात नेमला गेला तो असा. मुलूख आपला आणि फौज त्यांची.

आता प्रस्तुत छंदाकडे वळू. नौकाक्रीडा हा मुळात राजेरजवाड्यांचा शौक. इंग्लंडचा दुसरा चार्ल्स १६६० साली गादीवर आला तेव्हा डच लोकांनी त्याला एक नौका नजर केली, आणि तेथून हा शौक इंग्रज उमरावांत रुजला. मुंबईचा यॉट क्लब १८४६ चा. १८७६ साली त्याला 'रॉयल' ही उपाधी मिळाली. प्रारंभी तो युरोपियनांपुरता होता. सामान्य माणसाला हा खेळ परवडावा म्हणून प्रामाणिक प्रयत्न झाले ते विसाव्या शतकाच्या मध्यास. १९४७ साली अमेरिकेतील फ्लोरिडात क्लार्क मिल्स यांनी मुलांसाठी प्लायवूडची 'ऑप्टिमिस्ट' ही होडी आखली. अट एवढीच होती की तिला ५० डॉलरांहून कमी खर्च यावा. १९६३ साली लंडनच्या एका दैनिकाने 'मिरर' नावाच्या होडीचा संच बाजारात आणला. फळ्या तारेने शिवून आणि सांधे चिकटवून घरच्या घरी बांधता येणारी ही होडी ६३ पौंड ११ शिलिंगांत मिळे. हजारो कुटुंबांनी ती बांधली.

किंमत उतरली तरी बाळगण्याचा खर्च मात्र त्या प्रमाणात उतरला नाही. नौकेच्या किमतीच्या सुमारे दशांश रक्कम दरसाल देखभालीस लागते, असा या क्षेत्रातील ढोबळ अंदाज आहे. समजा, होडी एक लाख रुपयांची आहे. म्हणजे वर्षास दहा हजार, आणि दहा वर्षांत तीच होडी दुसऱ्यांदा विकत घेतल्यासारखे होते. हा पैसा जातो कोठे, हे पाहण्यासारखे आहे. शीड उन्हाने व वाऱ्याने ताणले जाऊन आकार सोडते. शर्यतीत उतरणाऱ्याला ते वरचेवर बदलावे लागते, हौशी माणूस ठिगळे लावून काही वर्षे काढतो. दोर झिजतात, डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा खाऱ्या हवेने कमजोर होतात. लाकडी होडीच्या फटी भरणे, रंग देणे हे दरसाल करावे लागते. समुद्रात कायम उभी असेल तर लाकूड पोखरणारे किडे तिच्या तळावर टपलेले असतातच. फायबरग्लासच्या होडीला किड्यांचे भय नाही, पण ऊन आणि आघात तिलाही सोडीत नाहीत. याशिवाय ती ठेवण्याच्या जागेचे भाडे, क्लबची वर्गणी, वाहतूक, विमा, अंगात घालावयाची तरंगजाकिटे, आणि अपघातसमयी धावून जाणाऱ्या यांत्रिक होडीचे इंधन व तिच्यावरील माणसाचा पगार.

आपल्या किनाऱ्यावर यात पावसाळ्याची भर पडते. कोकणातील कोळी ज्येष्ठाच्या सुमारास होडी वर ओढून झापांनी शाकारतो आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात घालतो. मधल्या काळात मिळकत शून्य असते, पण होडीचे काम संपत नाही. हौशी नाविकांचा हंगामही मुंबईत पावसाळा ओसरल्यावरच सुरू होतो. म्हणजे वर्षातील जवळजवळ अर्धा काळ होडी नुसती सांभाळावयाची असते.

या हिशोबामुळेच आपल्या देशात नौकाक्रीडेचे शिलेदार थोडे आणि बारगीर पुष्कळ झाले. खडकवासल्याच्या जलाशयात राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शीड उभारण्यास शिकतात ते सरकारी होड्यांवर. मुंबईत भूसेना व नौदल यांची नौकाक्रीडा केंद्रे आहेत. आपल्या नामवंत नाविकांपैकी अनेक जण या पागांतूनच तयार झाले. १९८२ च्या आशियाई स्पर्धांत फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनी 'फायरबॉल' या प्रकारात भारताला सुवर्णपदक मिळवून दिले, तेव्हा सर्वसामान्य वाचकाने बहुधा प्रथमच या खेळाचे नाव ऐकले. पुढे कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९ च्या ऑगस्टमध्ये मुंबईहून निघून २०१० च्या मे महिन्यात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. असे करणारे ते पहिले भारतीय होत. त्यांची 'म्हादेई' गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत बांधली गेली. साहस दोंदे यांचे, कौशल्य दांडेकरांचे. पण नौका नौदलाची होती आणि तिचा खर्च नौदलाचा होता. यात कोणाचे श्रेय उणे होत नाही. उत्तम बारगिराला उत्तम पागा लाभली म्हणजे काय घडते, हे यातून दिसते. हैदराबादच्या हुसेनसागरावर तेथील यॉट क्लबने गरीब वस्त्यांतील मुलांना 'ऑप्टिमिस्ट' होड्यांवर शिकवून राष्ट्रीय स्पर्धांपर्यंत पोहोचवले आहे. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या शहरात हे होऊ शकले, कारण होडी मुलाने बाळगावयाची नव्हती, संस्थेने बाळगली होती.

मग आवर्ती खर्च कोणीच केला नाही तर काय होते? याचे उत्तर दुर्दैवाने आपल्याच शहराने दोनदा दिले आहे. १९९३ च्या ऑगस्टमध्ये सूरसागरात होडी उलटून २२ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर तीस वर्षांनी, १८ जानेवारी २०२४ रोजी, हरणीच्या तलावात सहलीस आलेल्या शाळेतील मुलांची बोट उलटली आणि १२ विद्यार्थी व २ शिक्षिका प्राणास मुकल्या. दोन्ही वेळा होडीत तिच्या क्षमतेहून अधिक माणसे होती. हरणीला तर सर्वांच्या अंगात तरंगजाकिटेही नव्हती. या घटनांचा न्यायनिवाडा करणे हे आमचे काम नव्हे. परंतु जुन्या आज्ञापत्राच्या प्रकाशात पाहिले तर एक गोष्ट नजरेतून सुटत नाही. होडीचा खर्च होडीच्याच तिकिटातून निघावा अशी रचना केली की प्रत्येक फेरीत एक माणूस अधिक बसवणे हा फायदा ठरतो, आणि जाकीट, तपासणी, शिकलेला नावाडी व मदतीची बोट हे तोटे ठरतात. अमात्यांनी बंदरांबद्दल जे भय व्यक्त केले होते तेच येथे तलावाबद्दल खरे ठरले. भरावयाचा राहिलेला खर्च कोठे जात नाही. तो साचतो आणि एके दिवशी भलत्याच निरपराधांकडून वसूल होतो.

आम्ही राहतो ती गोत्री एकेकाळी शहराबाहेरचे गाव होती. आज ती शहराच्या पोटात आहे, आणि गावाच्या तलावाभोवती वसाहती उभ्या आहेत. तलाव पाहिला की त्यात होड्या सोडण्याची कल्पना सुचते, आणि ती वाईटही नाही. आपल्या नातवंडांनी वारा ओळखावा, शीड आवरावे, थोडे भिजावे, याचा आम्हांला आनंदच वाटेल. घोड्याची पाठ सुटलेल्या आपल्या घराण्यांना अंगमेहनतीचा व धैर्याचा असा एखादा खेळ हवाच आहे. मात्र हरणीनंतर केवळ भयाने तलावांना कुंपणे घालणे जितके सोपे, तितकेच काही काळाने सर्व विसरून नव्या होड्यांचे उद्घाटन करणेही सोपे. दोन्हींहून कठीण ते दरसालची तरतूद करणे.

म्हणून कोणत्याही संस्थेने होडी घेण्यापूर्वी, अथवा कोणा आजोबांनी नातवाच्या हौसेसाठी हात सैल सोडण्यापूर्वी, किंमत विचारून थांबू नये. पुढील दहा वर्षे हिचा तनखा कोणत्या मुलखात नेमला आहे, हे विचारावे. शीड कोण बदलणार, पावसाळ्यात ती कोठे राहणार, जाकिटे दरवर्षी कोण तपासणार आणि मदतीच्या बोटीवर पगारी माणूस कोण, या चार प्रश्नांची उत्तरे लेखी मिळाली तर खुशाल होडी पाण्यात घालावी. एकट्याला हे झेपत नसेल तर चार कुटुंबांनी मिळून एक होडी ठेवावी आणि खर्चाची वही एकाच ठिकाणी असू द्यावी. पागेतला घोडा दाणावैरण वेळेवर मिळाली तर शिलेदाराच्या घोड्याइतकाच चांगला धावतो, हे आपल्या पूर्वजांनी अनुभवाने जाणले होते.