लोखंडाच्या पोटातली भूमिती

भिलईच्या दक्षिणेला, दुर्ग जिल्ह्यातच, उतई आहे. या टापूतल्या माणसाला लोखंडाचं कौतुक नव्यानं सांगायला नको. दल्ली-राजहराच्या खाणीतून हेमॅटाइट येतं, झोतभट्टीत वितळतं, त्याचं पोलाद होतं आणि पोलादाचे रूळ. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि पुढे भिलईच्या रुळांनी देशभराच्या आगगाड्या पेलल्या आहेत. पण हे लोखंड आतून रचलेलं कसं असतं? कणाशेजारी कण कुठे बसतो? हा प्रश्न कारखान्याहून कितीतरी जुना आहे. त्याच्या उत्तरांचं कूळ धुंडाळलं तर एक गोष्ट लख्ख दिसते. अणूला आकार देणारे पुष्कळ झाले, पण ज्यांची कल्पना खोटी ठरण्याची सोय होती त्यांचाच वंश पुढे चालला.

आपल्याकडे या विचाराचं मूळ कणादाच्या वैशेषिक दर्शनात. परमाणू गोल, म्हणजे ‘परिमंडल’, असं ही परंपरा मानते. दोन परमाणूंचं द्व्यणुक आणि तीन द्व्यणुकांचं त्र्यणुक. कवडशात तरंगणारा धुळीचा कण म्हणजे हे त्र्यणुक, डोळ्यांना दिसणारी सर्वांत लहान वस्तू. या मांडणीवर बौद्ध पंडित वसुबंधूनं जो हल्ला चढवला तो निव्वळ भूमितीचा होता. एका परमाणूला पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण, वर आणि खाली अशा सहा दिशांनी सहा शेजारी एकाच वेळी भिडले, तर त्याला सहा बाजू आल्या. मग तो निरवयव कसा? प्रश्न बिनतोड होता. पण दोन्ही पक्षांच्या हाती तर्कच होता. लोखंडाचा तुकडा घेऊन निकाल लावण्याचं साधन कोणाकडेच नव्हतं.

ग्रीसमध्ये प्लेटोनं ‘तिमायस’ या संवादात तत्त्वांना घनाकृती वाटून दिल्या: अग्नीला चार त्रिकोणी पृष्ठांची आकृती, पृथ्वीला घन, वायूला आठ पृष्ठांची, पाण्याला वीस पृष्ठांची. वितळणारे धातू त्याच्या लेखी पाण्याचेच प्रकार. म्हणजे त्याच्या हिशेबानं भट्टीतून वाहणारा लाल रस वीस पृष्ठांच्या कणांचा ठरतो. कल्पना देखणी होती, पण तिच्यावरून लोखंडाबद्दल तपासून पाहता येईल असं काही निघत नव्हतं.

१६११ मध्ये योहानेस केप्लरनं हिमकणाला सहाच टोकं का, यावर एक छोटी पुस्तिका लिहिली आणि प्रश्नाची दिशा बदलली. कणाचा आकार कोणता, यापेक्षा सारखे गोळे एकमेकांना लागून कसे रचले जातात, हे तो पाहू लागला. फळवाला मोसंब्यांची रास लावतो, तशा रचनेहून दाट रचना शक्य नाही असं त्यानं म्हटलं. त्याची सिद्धता थॉमस हेल्स यांनी दिली ती १९९८ मध्ये. पण रचनेचा विचार तोवर थांबून राहिला नव्हता. १८८३ मध्ये लंडनच्या विल्यम बार्लो यांनी गोळ्यांच्या पाच सममित रचना मांडल्या. त्यांतल्या एकीत मधल्या गोळ्याभोवती आठ कोपऱ्यांवर आठ गोळे होते. हीसुद्धा अटकळच होती. फरक इतकाच की तिच्यातून कोन आणि अंतरं निघत होती, आणि ती मोजता येणार होती.

मोजण्याचं साधन १९१२ मध्ये आलं. माक्स फॉन लाउए यांच्या सूचनेवरून स्फटिकातून क्ष-किरण सोडले गेले आणि काचेवर ठिपक्यांची नक्षी उमटली. ब्रॅग पितापुत्रांनी त्या ठिपक्यांवरून अणूंच्या जागा काढण्याची रीत बसवली. १९१७ मध्ये अमेरिकेत अल्बर्ट हल यांनी लोखंडाचा भुगा क्ष-किरणांसमोर ठेवला. चुंबकत्वाचं कारण लोखंडाच्या रचनेत शोधावं, हा त्यांचा हेतू होता. उत्तर आलं: घनाच्या आठ कोपऱ्यांवर आठ अणू आणि ऐन मध्ये एक, घनाची बाजू ०.२८७ नॅनोमीटर. चौतीस वर्षांपूर्वी कागदावर मांडलेली रचना लोखंडात सापडली.

याच काळात अणूच्या आकाराची आणखी एक शाखा फुटली होती. थिऑसफीच्या ॲनी बेझंट आणि चार्ल्स लेडबीटर यांनी १८९५ पासून अंतर्दृष्टीनं अणू पाहिल्याचं सांगितलं आणि १९०८ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. सर्वांत सूक्ष्म कणाला त्यांनी संस्कृतातलं ‘अणू’ हेच नाव दिलं. हायड्रोजनमध्ये असे १८ कण, आणि लोखंडात मध्यापासून चहूकडे निघालेले १४ दांडे. इथे मन चटकन मोहात पडतं. हल यांच्या रचनेत लोखंडाच्या अणूला अगदी जवळचे ८ शेजारी आहेत आणि थोडे पलीकडचे ६. बेरीज बरोबर १४! पण जरा पुढे जाऊन बघा. त्याच पुस्तकात कोबाल्ट आणि निकेल यांनाही १४ दांडेच आहेत, आणि निकेलची रचना निराळी, जवळचे शेजारी १२. शिवाय ९१२ अंश सेल्सिअसच्या वर खुद्द लोखंडच रचना बदलतं आणि त्याचेही जवळचे शेजारी १२ होतात. आकडा जुळला म्हणून नातं जुळलं असं होत नाही.

लोखंडाचं हे कूस बदलणं साध्या डोळ्यांनी दिसतं. दोन खुंट्यांमध्ये लोखंडी तार ताणून बांधावी आणि वीज सोडून ती लालभडक तापवावी. मग वीज बंद करावी. निवताना तार आखडत जाते, आणि मध्येच एका क्षणी झटक्यानं सैल होऊन पुन्हा आखडू लागते. हे १८६९ मध्ये जॉर्ज गोर यांनी नोंदवलं. त्याच क्षणी काळवंडत आलेली तार पुन्हा उजळते, हे १८७३ मध्ये विल्यम बॅरेट यांनी टिपलं. कारण उलगडायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली. १९२१ मध्ये स्वीडनच्या अर्ने वेस्टग्रेन यांनी तापलेल्या लोखंडावरच क्ष-किरण सोडले, तेव्हा उष्ण लोखंडात अणू घनाच्या कोपऱ्यांवर आणि प्रत्येक पृष्ठाच्या मध्यावर बसलेले आढळले. ही केप्लरची दाट रचना. तिच्यात ७४ टक्के जागा भरते. थंड लोखंडात ६८ टक्केच भरते. दाट रचना मोडून विरळ होताना तार लांबणारच.

पोलादाचा सारा खेळ या अदलाबदलीवर चालतो. दाट रचनेत मोकळी जागा एकूण कमी, पण जी फट असते ती मोठी असते, म्हणून तिथे कार्बन वजनानं २.१ टक्क्यांपर्यंत मावतो. थंड लोखंडाच्या रचनेत तो जेमतेम ०.०२ टक्का राहतो. रुळाच्या पोलादात कार्बन साधारण ०.७ टक्के. रूळ निवताना या कार्बनला घर उरत नाही. मग तो लोखंडाशी संयोग करून कठीण पापुद्र्यांच्या रूपात बाहेर पडतो, आणि मऊ लोखंडाचा एक थर, कठीण संयुगाचा एक थर अशी बारीक वीण तयार होते. चाकांखाली रूळ लवकर झिजत नाही तो या विणीमुळे. लोहार तापलेलं पातं पाण्यात बुडवून त्याला ‘पाणी देतो’, तेव्हा मात्र कार्बनला बाहेर पडायला सवडच मिळत नाही. तो आत कोंडला जातो, घन एका बाजूनं ताणला जातो आणि पातं कडक होतं. रंग बघून पाणी द्यायची वेळ ओळखणाऱ्या लोहारांना हे घन ठाऊक नव्हते, पण त्यांचं ज्ञान अस्सल होतं, कारण चुकलेलं पातं लगेच मोडून चूक दाखवत होतं.

अणूचे नवनवे आकार सुचवणारी माणसं आजही आहेत आणि असायला हवीत, कारण केप्लर आणि बार्लो यांची सुरुवातही अटकळीनंच झाली होती. त्यांना हिणवू नये आणि नुसत्या देखणेपणावर भाळूही नये. त्यांना एवढंच विचारावं: तुमचा आकार खरा असेल, तर तापलेल्या तारेत काय घडायला हवं आणि काय घडताच कामा नये?