बुधवार पेठेच्या परिसरांतील चार विद्यास्थानें : एक तुलना

(१)

पुण्यांतील जुन्या शाळांविषयीं आजवर जें लिहिलें गेलें, त्यांत 'आद्य शाळा कोणती' या एकाच प्रश्नाचा खल अधिक झालेला दिसतो. हा प्रश्न गौण नव्हे. परंतु केवळ स्थापनेची तिथि ठरविल्यानें शाळेचें स्वरूप उलगडत नाहीं. शाळेंत प्रवेश कोणास होता, खर्च कोणी सोसला, शिकविलें काय, आणि याविषयीं कागद कोणते उरले, या चार कसोट्या लावल्या म्हणजे मगच तुलनेस अर्थ येतो. बुधवार पेठ व तिचा शेजार या अर्ध्या कोसाच्या टापूंत इ. स. १८२१ पासून १८८४ पर्यंत निघालेल्या चार विद्यास्थानांस या कसोट्या लावून पाहण्याचा येथें विचार आहे.

(२)

पेशवाई बुडाल्यावर अवघ्या तीन वर्षांनीं, ता. ६ आक्टोबर १८२१ रोजीं, दख्खनचे कमिशनर चॅप्लिन यांनीं विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा उघडली. पेशव्यांच्या श्रावणमासांतील दक्षिणेसाठीं जी रक्कम खर्ची पडत असे, तिच्याच एका अंशावर ही शाळा उभी राहिली. न्याय, व्याकरण, धर्मशास्त्र, अलंकार, ज्योतिष हे तेथील विषय. विद्यार्थी ब्राह्मण, आणि त्यांस वेतन मिळे. म्हणजे द्रव्य रयतेचें, परंतु दार एकाच वर्णास मोकळें, अशी ही व्यवस्था होती. पुढें १८३२ मध्यें बुधवारवाड्यांत सरकारी इंग्रजी शाळा निघाली. १८५१ त या दोहोंचें एकीकरण होऊन पूना कॉलेज झालें. त्याचेंच पुढें डेक्कन कॉलेज झालें.

(३)

दुसरें विद्यास्थान म्हणजे जोतीराव फुले यांच्या शाळा. १८४८ मध्यें भिडे यांच्या वाड्यांत मुलींची शाळा सुरू झाली व सावित्रीबाईंनीं तेथें अध्यापन केलें. ता. ३ जुलै १८५१ रोजीं अण्णासाहेब चिपळूणकर यांच्या वाड्यांत आठ मुलींवर आरंभिलेल्या शाळेची संख्या लवकरच अठ्ठेचाळीसवर गेली. त्याच वर्षीं रास्ता पेठेंत व १८५२ त वेताळ पेठेंत (नंतरची गुरुवार पेठ) आणखी शाळा निघाल्या. महार-मांगांच्या मुलांकरितांही शाळा काढण्यांत आल्या. येथें वेतन घेणारा विद्यार्थी नव्हता. उलट चालकांनाच वर्गणीसाठीं दारोदार हिंडावें लागे. पाठशाळेस पोसणाऱ्या दक्षिणानिधींतूनच पुढें या शाळांसही कांहीं साहाय्य मिळालें, ही गोष्ट मननीय आहे. तीस वर्षांत त्याच द्रव्याचा ओघ कोठून कोठें वळला हें त्यावरून दिसतें.

ता. १६ नोव्हेंबर १८५२ रोजीं जोतीरावांचा सत्कार झाला तो विश्रामबागवाड्यांतच, आणि तो केला कॉलेजचे प्रमुख मेजर कँडी यांनीं. जेथें एका वर्णाच्याच मुलांनीं शास्त्रें घोकलीं, त्याच वाड्यांत मुलींच्या शिक्षकास शालजोडी मिळाली. पुढल्या फेब्रुवारींत मुलींची जाहीर परीक्षा झाली, तींत २३७ मुली बसल्या.

(४)

तिसरें, न्यू इंग्लिश स्कूल. ता. १ जानेवारी १८८० रोजीं मोरोबादादांच्या वाड्यांत तें सुरू झालें. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी नोकरी सोडून आले होते. टिळक व नामजोशी त्यांस मिळाले, मागाहून आपटे व आगरकर आले. पाठशाळेप्रमाणें येथें राजाश्रय नव्हता, आणि जोतीरावांप्रमाणें नव्या वर्गास शिक्षण देण्याचा मुख्य उद्देशही नव्हता. इंग्रजी विद्याच, पण देशी माणसांच्या हातीं व स्वस्त दरांत द्यावी, हें येथील ध्येय. चौथें, १८८४ त रानडे, भांडारकर, मोडक प्रभृतींनीं काढलेलें मुलींचें हायस्कूल. पुढें तें पेशव्यांच्या पागेच्या जागीं गेल्यामुळें 'हुजूरपागा' या नांवानेंच लोकांस ठाऊक झालें. १८४८ मध्यें मुलींनीं शिकावें कीं नाहीं, हा वाद होता; १८८७ त टिळकांनीं या शाळेच्या अभ्यासक्रमावर टीका केली तेव्हां मुलींनीं काय शिकावें, हा वाद झाला. एवढा पल्ला या टापूनें चाळीस वर्षांत गांठला.

(५)

आतां शेवटची कसोटी, कागदांची. सरकारी शाळेचे कागद सरकारी दप्तरांत गेले. तरी ता. १३ मे १८७९ च्या रात्रीं बुधवारवाडा व विश्रामबागवाडा यांस आग लावण्यांत आली, तींत किती ग्रंथ व कागद गेले याची कल्पनाच करावी. खासगी शाळांचे कागद मात्र चालकांच्या घरींच राहिले. जोतीरावांच्या शाळांविषयीं आपणांस जें ठाऊक आहे, तें बहुतांशीं वृत्तपत्रें, अहवाल व आठवणी यांवरून. विद्यार्थिनीच्या स्वतःच्या हातचें म्हणून एक लेखन प्रसिद्ध आहे : मुक्ता नांवाच्या मांग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयींचा निबंध. तो १८५५ त 'ज्ञानोदया'त छापला गेला. शाळेची योग्यता ठरविण्यास अहवालापेक्षां असा एक निबंध अधिक बोलका असतो. कारण अहवाल चालकाचा असतो, निबंध शिकणाराचा. पाठशाळेच्या शेंकडों विद्यार्थ्यांपैकीं किती जणांनीं स्वतःच्या स्थितीविषयीं असें लिहून ठेविलें आहे?

भिडेवाडा १८४८ पासून जवळजवळ पावणेदोनशें वर्षांनीं, डिसेंबर २०२३ मध्यें, पाडण्यांत आला. वास्तु गेली, म्हणून कागदाचें मोल वाढलें. संग्राहकांस एवढीच विनंति कीं, जुन्या रुमालांत सनदा व पत्रें शोधतांना हजेरीपट, वर्गणीच्या पावत्या, मुलांच्या कित्त्यांचे ताव हे किरकोळ समजून टाकून देऊं नयेत. पाठशाळेची तिथि सरकारनें सांगितली. या दुसऱ्या शाळांचें अंतरंग अशा कागदांवांचून कोणी सांगणार नाहीं.